खेकड्याच्या पाटीला झाकण लागतं

आषाढात त्र्यंबक रस्त्याने गेलात तर कडेला बायका खेकडे घेऊन बसलेल्या दिसतात. पळसाच्या पानांवर पाच-सहा खेकड्यांचा एकेक वाटा, डेंगे सुतळीने आवळलेले, आणि बाकीचा माल शेजारच्या पाटीत. गेल्या पावसाळ्यात मी आणि माझी भाची तिथे थांबलो होतो. गाडीतून उतरलेल्या एका गृहस्थांनी सोबत्याला तो सगळ्यांना पाठ असलेला किस्सा ऐकवला: मराठी खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, एक वर चढला की बाकीचे त्याचा पाय ओढतात. विकणारीने ते ऐकलं आणि माझ्याकडे बघून पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर ओलं गोणपाट होतं, गोणपाटावर चांगला वजनदार दगड. "झाकल्याशिवाय जमतं का ताई? रातीतून एक राहायचा नाही पाटीत."

भाची अकरावीत आहे. नाशिकला घरी पोचेपर्यंत तिचे प्रश्न थांबले नाहीत. "आत्या, मग कर्क रास, कर्कवृत्त, कर्करोग, सगळीकडे खेकडाच का? आणि त्याला वाईटच का म्हणायचं?" तिला त्या दिवशी जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं नंतर वाचून काढलं. ते सगळं इथे एकत्र लिहिते आहे.

आधी खेकडा नीट पाहू

कुठल्याही प्राण्याचं प्रतीक समजून घ्यायचं तर त्याच्या अंगापासून सुरुवात करावी. खेकड्याला दहा पाय. त्यातले पुढचे दोन म्हणजे डेंगे, काही ठिकाणी त्यांना नांग्या म्हणतात. बाकीच्या पायांचे सांधे बाजूला वळतात, म्हणून तो तिरका चालतो. पाठीचं कवच कठीण असतं आणि ते वाढत नाही. त्यामुळे वाढायचं असेल तेव्हा खेकडा सापासारखी कात टाकतो, आणि नवं कवच कडक होईपर्यंत काही दिवस मऊ, लपलेला राहतो. डेंगा कुणाच्या तावडीत सापडला तर तो सोडून देऊन पळतो. पुढच्या कातींबरोबर तिथे नवा डेंगा उगवतो. 'नांगी टाकणे' हा वाक्प्रचार आपण विंचू मनात धरून वापरतो, पण नांगी खरोखर टाकणारा जीव म्हणजे खेकडा, आणि तो ती टाकतो हरलो म्हणून नाही, जगायचं असतं म्हणून.

आता खेकडा उलटा करून पाहा. पोटाशी दुमडलेली एक झडप दिसते. अरुंद, त्रिकोणी झडप असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. आपल्या ओहोळांतली, भातखाचरांतली मादी अंडी त्याच झडपेखाली सांभाळते, आणि पिल्लं बाहेर येतात ती थेट छोट्या खेकड्यांच्या रूपात. समुद्री खेकड्यांची पिल्लं आधी पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या असतात, गोड्या पाण्यातल्यांची तशी नसतात. त्या दिवशी विकणारीने एक मादी उचलून आम्हाला झडप उघडून दाखवली. आत मसुराच्या दाण्याएवढी पिल्लं एकमेकांना बिलगून बसली होती, काही तिच्या बोटांवर चढली. ती मादी तिने वाट्यात लावली नाही, रस्त्याखालच्या मोरीत सोडली.

घट्ट पकड, तिरकी चाल, कवच आणि कात, पोटाखालची पिल्लं. जगाने खेकड्यात जे जे पाहिलं ते बहुतेक यातून आलं. फरक पडला तो कुणी कुठल्या अवयवाकडे पाहिलं यामुळे.

आकाशातला खेकडा

कर्क तारकासमूहाला खेकडा म्हणण्याची पद्धत बॅबिलोनइतकी जुनी आहे. ग्रीकांनी त्याला गोष्ट जोडली. हेराक्लिस हा त्यांचा महावीर लेर्नाच्या दलदलीत अनेक तोंडांच्या हायड्रा नागिणीशी झुंजत होता. त्याचा द्वेष करणाऱ्या हेरा देवीने त्याच्या पायाला चावायला एक खेकडा पाठवला. हेराक्लिसने तो टाचेखाली चिरडला. हेराने त्या खेकड्याला आकाशात जागा दिली. खेकड्याच्या वाट्याला या गोष्टीत एकच काम आलं आणि त्यातही तो मेला, पण सोपवलेलं काम करताना मेला म्हणून तो आकाशात आहे. राशीतले तारेही तसेच मंद, एकही ठळक नाही.

ग्रीकांचा कार्किनोस, लॅटिन कान्सर आणि आपला कर्कट हे शब्द भाषातज्ज्ञ एका कुळातले मानतात. पालीत 'कक्कट' म्हणतात, त्यात आपला खेकडा स्पष्ट ऐकू येतो. संस्कृतात दुसरं नाव 'कुलीर', ते ऐकलं की मला मालवणी कुर्ली आठवते.

आपल्याकडे मात्र आकाशातला खेकडा बिचारा नाही, चांगला भाग्यवान आहे. त्याच्या मधोमध जे नक्षत्र आहे ते पुष्य. त्याची देवता बृहस्पती. ज्या गुरुवारी चंद्र पुष्यात असतो तो गुरुपुष्यामृत, आणि त्या दिवशी नाशिकच्या सराफ बाजारात गुंजभर सोनं घ्यायला जी गर्दी होते ती एका अर्थाने खेकड्याच्या पाठीवर चंद्र बसला म्हणून होते. हे ऐकून भाची बराच वेळ हसत होती, पण यात चेष्टा काही नाही, पंचांग उघडून पाहावं. ज्योतिषात कर्क ही चंद्राची रास, आणि गुरू इथे उच्चीचा मानतात. आपल्या सिंहस्थाचा हिशेबही इथूनच जातो. गुरूला बारा राशी फिरायला सुमारे 12 वर्षं लागतात. सिंहेत शिरण्याआधी तो कर्केत असतो. म्हणजे 2015 नंतर 2026-27 च्या सिंहस्थासाठी रामकुंडावर आणि कुशावर्तावर तयारी चालते, तेव्हा आकाशातला गुरू खेकड्याच्या घरातून निघायच्या बेतात असतो.

चंद्राशी खेकड्याचं नातं आपल्या स्वयंपाकघरातही आहे. अमावस्येचे खेकडे भरलेले आणि पौर्णिमेचे पोकळ, हे आपल्याकडे कुणीही सांगेल. रोमन लेखक नेमकं उलटं सांगत: कवचातले जीव चंद्राबरोबर भरतात आणि चंद्राबरोबर रोडावतात. नुकती कात टाकलेल्या खेकड्यात मांस कमी आणि पाणी जास्त असतं, एवढं मात्र कुठल्याही तिथीला खरं.

कर्कवृत्ताचं कोडं वेगळं आहे. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हे नाव पडलं तेव्हा 21 जूनच्या सुमारास, सूर्य सगळ्यात उत्तरेला असताना, त्याच्या मागे कर्क तारकासमूह होता. तिथून तो दक्षिणेकडे वळतो. मॅक्रोबियस या रोमन लेखकाने कारण दिलं की खेकडा जसा मागे-तिरका सरकतो तसा सूर्य इथून माघारी फिरतो, म्हणून ही रास खेकड्याची. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळे आता त्या दिवशी सूर्य कर्केत नसतो. आपलं पंचांग उघडलंत तर तेव्हा तो मिथुनेत दिसेल, आणि कर्क संक्रांत येते जुलैच्या मध्यावर. रास सरकली, नाव तिथेच राहिलं. ते वृत्त आपल्या जिल्ह्यातून जात नाही. नाशिक साधारण 20 अंशांवर, कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, उज्जैनच्या जवळून.

रोगाला खेकड्याचं नाव

भाचीला सगळ्यात जास्त हाच प्रश्न छळत होता, कारण घरात हा आजार येऊन गेला आहे. हिपोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या परंपरेत काही गाठींना आणि व्रणांना कार्किनोस म्हणत. पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने त्याचं लॅटिन केलं, कान्सर. दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने सांगितलं की स्तनातल्या गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या पसरलेल्या दिसतात, म्हणून हे नाव. म्हणजे तेव्हा वैद्यांनी डोळ्यांनी जे पाहिलं त्याचं ते वर्णन होतं. पुढे लोकांनी त्यात पकडही पाहिली: धरलं की सोडत नाही. गाठीला जाऊन खेकडा चिकटला तो असा.

मराठीतला 'कर्करोग' हा त्या नावाचा अनुवाद आहे. सुश्रुताकडे अशा गाठींना शब्द होता 'अर्बुद', त्यात खेकडा कुठेच नव्हता. सुश्रुतसंहितेत खेकडा आहे, पण हाडवैद्यकात. हाडं मोडण्याचे जे प्रकार तो मोजतो त्यातला एक 'कर्कटक': दोन्ही टोकांना दबलेलं आणि मध्ये फुगून वर आलेलं हाड, खेकड्याच्या पाठीसारखं. तिकडे गॅलेनने खेकड्याचे पाय पाहिले, इकडे सुश्रुताने पाठ पाहिली. मोडलेलं हाड बांधता येतं, सांधतं. माझ्या भाचीला हे ऐकून थोडं बरं वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "म्हणजे नावातच भीती घालायची गरज नव्हती." मला ती बरोबर वाटते.

आपल्या गोष्टींतला खेकडा

पंचतंत्रातला म्हातारा बगळा सगळ्यांना आठवत असेल. तळं आटणार आहे असं सांगून तो एकेक मासा दुसऱ्या तळ्यात नेतो म्हणून उचलतो आणि खडकावर बसून खातो. शेवटी खेकडा म्हणतो, मलाही ने. वाटेत त्याला खडकावर माशांच्या काट्यांचा ढीग दिसतो. खेकडा बगळ्याच्या मानेला बिलगलेलाच असतो, डेंगा आवळतो आणि मान तोडतो. एवढ्यावर तो थांबत नाही. तोडलेली मान ओढत तो आपल्या तळ्यात परत जातो आणि उरलेल्या माशांना दाखवतो. लहानपणी मला यातला शेवटचा भाग फार आवडायचा, आजही आवडतो. एवढं ओझं घेऊन त्या तिरक्या चालीने तो परत आला, कारण बाकीच्यांना खरं कळायला हवं होतं.

जातककथांत खेकडा खलनायकही होतो. कक्कट जातकात हिमालयातल्या एका सरोवरात अवाढव्य खेकडा राहतो आणि पाण्यावर आलेल्या हत्तींचा पाय धरून त्यांना खातो. बोधिसत्त्व हत्तीचा जन्म घेऊन येतो आणि त्याच्याच पकडीत सापडतो. हत्तीण पळून जात नाही. ती खेकड्याशी गोड बोलते, तुझ्यासारखा खेकडा समुद्रात नाही, गंगेत नाही, नर्मदेत नाही म्हणते. स्तुतीने खेकड्याची पकड सैल पडते आणि हत्ती त्याला पायाखाली चिरडतो. कथा पुढे सांगते की त्याचे दोन डेंगे वाहत समुद्रात गेले, एकापासून राजांचा आनक नावाचा नगारा झाला, दुसऱ्यापासून असुरांचा आलंबर. हा प्रसंग मध्य प्रदेशातल्या भारहूतच्या बौद्ध स्तूपाच्या कठड्यावर एका गोल पदकात कोरलेला आहे, हत्तीचा पाय धरून बसलेला खेकडा, आणि शिल्पकाराने वर 'नागजातक' असं नावही लिहून ठेवलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा दगडातला खेकडा आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या खेकड्यांपैकी एक.

महाभारतात खेकडी येते ती द्रौपदीच्या तोंडून. वनवासात जयद्रथ तिला पळवायला येतो तेव्हा ती त्याला बजावते की वेळू, केळ आणि बोरू फळतात ते स्वतःच्या नाशासाठी, तसं मला नेणं म्हणजे खेकडीने गर्भ धरण्यासारखं आहे. पिल्लं आईचं पोट फोडून बाहेर येतात, आई मरते, अशी तेव्हाची समजूत. ती कुठून आली असेल हे मोरीत सोडलेल्या त्या मादीकडे पाहिल्यावर मला उमगलं. झडप उघडी, आतून वळवळणारी पिल्लं, जणू पोट फुटलं आहे. प्रत्यक्षात ती त्यांना सांभाळत असते.

आणि सह्याद्रीचीच एक खेकडी आहे, जिचं नाव आपण घेतो पण अर्थ विसरतो. शिवपुराणातल्या भीमाशंकराच्या कथेत भीम या राक्षसाची आई कर्कटी. तिच्या बापाचं नाव कर्कट, आईचं पुष्कसी. सह्य पर्वतावर एकटी राहणारी, आईबाप आणि नवरा गमावलेली ही बाई मुलाला त्याच्या बापाची, कुंभकर्णाची, गोष्ट सांगते आणि तिथून पुढचं सगळं घडतं. योगवासिष्ठातही एक कर्कटी राक्षसी आहे, तप करून सुईएवढी बारीक झालेली, आणि पुढे राजाला ब्रह्मज्ञानाचे प्रश्न विचारणारी. दोन्ही ठिकाणी खेकडीच्या नावाची बाई रानात, एकटी, भुकेली आणि हुशार आहे.

पूजेतही खेकडा आहे. कुंभकोणमजवळ तिरुंदुदेवनकुडीला कर्कटेश्वराचं देऊळ आहे, खेकड्याने पूजलेला शिव. आपल्याला जवळचं म्हणजे सुरत: तिथल्या रामनाथ घेला महादेवाला पौषातल्या एकादशीला जिवंत खेकडे वाहतात.

दुसऱ्यांचे खेकडे

जपानमध्ये एका लहान खेकड्याच्या पाठीवर रागावलेल्या माणसाचा चेहरा दिसतो. त्याचं नाव हैके-गानी. 1185 मध्ये दान-नो-उराच्या समुद्रावर हैके घराण्याचा पराभव झाला, त्यांचा बाल सम्राट अंतोकु आजीच्या कुशीत समुद्रात बुडाला, आणि बुडालेले सरदार खेकडे झाले असं लोक मानतात. 19 व्या शतकात उतागावा कुनियोशीने छापचित्रांत हे खेकडे रंगवले. विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली: कोळी चेहऱ्यासारखे खेकडे परत सोडत गेले, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेच वाढले. ज्युलियन हक्सलीने ती 1952 मध्ये मांडली, कार्ल सेगनने 1980 मध्ये दूरदर्शन मालिकेतून घरोघर पोचवली. कल्पना सुंदर आहे पण टिकली नाही. हे खेकडे इतके लहान असतात की कुणी खायला धरत नाही, आणि तो चेहरा म्हणजे आतले स्नायू जिथे कवचाला जोडलेले असतात तिथले उंचवटे. चेहरा पाहणारे आपण.

चिनी भाषेत तिरकं चालणं आणि दांडगाई करणं याला एकच शब्द आहे, म्हणून खेकडा म्हणजे माजलेला माणूस. पण कवचाला जे अक्षर तेच परीक्षेतल्या पहिल्या क्रमांकाला, म्हणून खेकड्याचं चित्र विद्यार्थ्याला शुभेच्छा म्हणूनही देत. एकाच प्राण्याची चाल वाईट आणि पाठ चांगली.

सिसिलीतल्या आक्रागास शहराच्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांवर एका बाजूला गरुड आणि दुसऱ्या बाजूला खेकडा आहे. रोमच्या ऑगस्टस सम्राटाच्या एका सोन्याच्या नाण्यावर खेकड्याने फुलपाखरू धरलं आहे, ज्याचा अर्थ पुढे 'सावकाश घाई कर' असा लावला गेला. पेरूमध्ये 1987 नंतर उघडलेल्या सिपानच्या थडग्यांत सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा खेकडामानव सापडला. फ्रान्सिस झेवियर या ख्रिस्ती धर्मप्रसारकाची गोष्ट आपल्या किनाऱ्याला जवळची: 1546 मध्ये मोलुक्का बेटांजवळ वादळात त्याचा क्रूस समुद्रात पडला, आणि किनाऱ्यावर एका खेकड्याने डेंग्यात धरून परत आणून दिला. आपल्याही समुद्रात सापडणाऱ्या एका खेकड्याच्या पाठीवर क्रुसाची खूण असते, भाविक ती त्याच प्रसंगाशी जोडतात.

चित्रांत माझ्या मनात घर केलं ते व्हॅन गॉगच्या खेकड्यांनी. 1889 च्या चित्रात दोन खेकडे आहेत, एक पालथा, एक उताणा. उताण्याचे पाय हवेत. त्याला सरळ होता येईल की नाही हे चित्र सांगत नाही.

पाटीकडे परत

आपल्याकडे आज खेकडा म्हटलं की पाय ओढणंच आठवतं. जुलै 2019 मध्ये चिपळूणजवळ तिवरे धरण फुटून माणसं वाहून गेली, तेव्हाही एका मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं होतं. खेकडे बांध पोखरतात हे खरं, इगतपुरीकडचा कुठलाही भात लावणारा सांगेल की त्यांच्या बिळांतून खाचराचं पाणी निघून जातं. पण धरणाची डागडुजी खेकड्यांच्या हाती नसते.

पाटीतले खेकडे एकमेकांना धरतात, हेही खरं. घसरणाऱ्या जीवाला हाताशी जे लागेल ते तो धरतो, आणि पाटीत हाताशी दुसरा खेकडाच असतो. दगडाच्या कपारीत तोच डेंगा कपार धरतो. आणि तरीही ते बाहेर पडतात, म्हणून तर दगड ठेवावा लागतो. त्या किश्श्याची इतकी सवय झाली आहे की आपल्या जुन्या गोष्टींतला एक खेकडा आपण पार विसरलो. भाची आता शिकायला पुण्याला जाणार आहे. जायच्या आदल्या रात्री मी तिला तीच गोष्ट सांगितली, पंचतंत्राच्या अगदी शेवटची.

ब्रह्मदत्त नावाचा एक ब्राह्मणाचा मुलगा प्रवासाला निघतो. आई म्हणते, एकटा जाऊ नकोस, कुणीतरी सोबत घे. तो म्हणतो, वाटेत भीती कसली, आणि सोबत तरी कोण येणार. आई पाण्यातून एक खेकडा आणून त्याच्या हाती ठेवते: हाच सोबती ने. आईचं मन मोडायचं नाही म्हणून तो खेकडा कापराच्या डबीत घालतो, डबी बोचक्यात टाकतो आणि चालू लागतो. उन्हाच्या वेळी एका झाडाखाली झोपतो. ढोलीतून साप बाहेर येतो. कापराचा वास त्याला इतका गोड लागतो की झोपलेल्या माणसाला सोडून तो बोचकं फाडतो आणि डबीत तोंड घालतो. ब्रह्मदत्त जागा होतो तेव्हा शेजारी साप मरून पडलेला असतो, डबी उघडी, आणि खेकडा तिच्या कडेला बसलेला.